शिवेपलीकडची ट्राम

हवामानबदलाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "हे सगळं देशांनी ठरवायचं ना? त्यात नगरपालिकेचं काय काम?" प्रश्न रास्त आहे. करार देश करतात, उद्दिष्टं देश जाहीर करतात, परिषदांत फोटोही देशांच्या प्रमुखांचे निघतात. पण सकाळी साडेआठला गाडी काढायची की बस पकडायची, हे माणूस त्या करारांकडे बघून ठरवत नाही. बस घराजवळून जाते का, वेळेवर येते का, कचेरीपाशी गाडी लावायला जागा मिळते का, एवढंच तो बघतो. आणि या तिन्ही गोष्टी बहुतेक ठिकाणी स्थानिक कारभाऱ्यांच्या हातात असतात.

या प्रकरणात एक पायरी पुढे जाऊ. गाव एका देशात आणि गावकऱ्यांच्या नोकऱ्या दुसऱ्या देशात असतील तर काय होतं? युरोपात असा भाग भरपूर आहे. युरोपीय संघाच्या अंतर्गत सीमांलगतच्या प्रदेशांत सुमारे १५ कोटी लोक राहतात, म्हणजे संघाच्या लोकसंख्येपैकी जवळपास ३० टक्के. त्यातल्या अनेकांना रोज सकाळी देश ओलांडून कामाला जायचं असतं.

१. नगरपालिकेच्या हातात असतं तरी काय?

युरोपीय संघाच्या हरितगृह वायूंपैकी साधारण चौथा हिस्सा वाहतुकीतून येतो आणि त्यातला ७० टक्क्यांहून अधिक रस्त्यावरच्या वाहनांतून. कारखान्यांचं आणि वीजकेंद्रांचं उत्सर्जन १९९० पासून बरंच खाली आलं, रस्त्याचं मात्र हटून बसलं आहे. इंजिनं सुधारली, पण गाड्या वाढल्या, जड झाल्या आणि जास्त फिरू लागल्या.

हे उत्सर्जन कमी करायचे ढोबळ मार्ग तीन: लोकांना कमी फिरावं लागेल अशी वस्ती रचणं, फिरायचंच तर बस, ट्राम, सायकल सोयीची करणं, आणि जी गाडी उरेल ती विजेवर आणणं. पहिल्या दोन्हींच्या किल्ल्या पालिकेकडे असतात आणि तिसऱ्याचीही अर्धी तिच्याच खिशात असते, कारण चार्जर शेवटी कुठल्या तरी गल्लीच्या कडेलाच उभा करायचा असतो.

स्ट्रासबर्गचं उदाहरण घ्या. फ्रान्सच्या पूर्व टोकाच्या या शहराने १९६० मध्ये आपली जुनी ट्राम मोडीत काढली होती. १९८९ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत मुद्दा गाजला तो भुयारी मेट्रो हवी की ट्राम, हा. ट्रामच्या बाजूच्या कातरीन ट्राउटमान निवडून आल्या आणि १९९४ मध्ये पहिली नवी मार्गिका सुरू झाली. भुयारी मेट्रोने गाड्यांना रस्ता मोकळाच ठेवला असता. ट्रामने त्यांची जागा घेतली, आणि खरा बदल त्या जागा घेण्यात होता. यासाठी पॅरिसमध्ये सत्ताबदल व्हावा लागला नाही, गावची निवडणूक पुरली.

पण स्ट्रासबर्गची हद्द पूर्वेला ऱ्हाइन नदीपाशी संपते. पलीकडे जर्मनी.

२. धूर कुणाच्या खात्यात?

पुढे जाण्याआधी हिशेबाची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. गाडीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड नेमका कुणाच्या नावावर लिहायचा?

राष्ट्रीय हिशेबाचा नियम साधा आहे. पेट्रोल ज्या देशात विकलं गेलं त्या देशाच्या नावावर. गाडी ते पुढे कुठेही जाळो. मोजायला हे सोपं, कारण विक्रीची नोंद असतेच. शहरं स्वतःचा हिशेब मांडतात तेव्हा बहुधा दुसरी रीत वापरतात: आपल्या हद्दीतल्या रस्त्यांवर गाड्या किती किलोमीटर धावल्या, त्यावरून अंदाज.

आता एक गणित करू. फ्रान्समधलं तियोंव्हिल हे गाव लक्झेंबर्ग शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. समजा, तिथली एक परिचारिका रोज गाडीने लक्झेंबर्गच्या रुग्णालयात जाते. जाऊन-येऊन ६० किलोमीटर, वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले तर १३,२०० किलोमीटर. शंभर किलोमीटरला ६ लीटर पेट्रोल लागलं तर वर्षाला ७९२ लीटर. एक लीटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वर्षाला सुमारे १.८ टन.

पेट्रोल लक्झेंबर्गमध्ये वर्षानुवर्षं स्वस्त मिळत आलं आहे, त्यामुळे टाकी ती तिथेच भरणार. राष्ट्रीय हिशेबात १.८ टन पूर्णपणे लक्झेंबर्गच्या खात्यात. तियोंव्हिलने स्वतःच्या रस्त्यांवरची धाव मोजली आणि ३० पैकी ५ किलोमीटर गावात येत असतील, तर गावाच्या वहीत सहावा हिस्सा, म्हणजे ३०० किलो. उद्या गावाने पदरचे पैसे घालून चांगली बस सुरू केली आणि बाईंनी गाडी घरी ठेवली, तर वातावरणाचा फायदा १.८ टनांचा, गावाच्या वहीत ०.३ टनांचा आणि फ्रान्सच्या वहीत शून्य. पैसे मात्र गावाचे. लेखापरीक्षक भुवया उंचावणारच.

लक्झेंबर्गचीही अडचण आहे. देशाची लोकसंख्या सात लाखांच्या आत, आणि फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून रोज कामाला येणारे दोन लाखांहून जास्त. नोकरदारांपैकी जवळपास निम्मे. १ मार्च २०२० पासून या देशाने बस, ट्राम आणि दुसऱ्या वर्गाची रेल्वे सगळ्यांना फुकट केली. जगभर कौतुक झालं, पण फुकटपणा सीमेपर्यंतच. तियोंव्हिलच्या बाईंना फ्रान्सच्या हद्दीतला पास काढावा लागतोच. ज्यांच्या गाड्यांनी लक्झेंबर्गचे रस्ते तुंबतात, त्यांनाच ही सवलत अर्धवट मिळते. हे लक्षात घेऊनच २०१८ मध्ये लक्झेंबर्गने फ्रान्सशी करार केला आणि फ्रान्सच्या हद्दीतल्या रेल्वेच्या सुधारणेचा व वाहनतळांचा निम्मा भार उचलायचं कबूल केलं. २०२१ पासून त्याने इंधनावर कार्बनचा अधिभारही बसवला, सुरुवातीला टनाला २० युरो. म्हणजे स्वस्त पेट्रोलची चटक आणि तिचा दुष्परिणाम, दोन्हींना एकदम हात घातला.

३. बांधावरचं झाड

दोन शेतांच्या बांधावर आंब्याचं झाड असलं की कैऱ्या दोघंही उतरवतात. पाणी घालायची वेळ आली की दोघंही म्हणतात, झाड तर तुझ्याकडे झुकलंय. सीमेवरच्या वाहतुकीत हेच होतं, फक्त तिथे पाणी घालण्याचं नाव 'अर्थसंकल्पीय तरतूद' असतं.

जिनिव्हात २०१४ साली हे अगदी उघड्यावर घडलं. हे स्विस शहर जवळपास तिन्ही बाजूंनी फ्रान्सने वेढलेलं आहे. घरं महाग, पगार मोठे. म्हणून हजारो लोक फ्रान्समध्ये राहून जिनिव्हात नोकरी करतात. योजना अशी होती की फ्रान्सच्या हद्दीतच स्थानकांजवळ वाहनतळ बांधायचे, लोकांनी गाडी तिथे ठेवायची आणि पुढे गाडीने न येता ट्रेनने किंवा बसने यायचं. त्यासाठी जिनिव्हाने सुमारे ३० लाख फ्रँक द्यायचे होते. स्वित्झर्लंडच्या मानाने ही किरकोळ रक्कम. तरी प्रश्न सार्वमताला गेला आणि मतदारांनी अगदी काठावरच्या फरकाने नकार दिला. विरोधकांचं म्हणणं कुणालाही पटेल इतकं सोपं होतं: जिनिव्हाचा पैसा जिनिव्हात. गाड्या मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही जिनिव्हातच आल्या.

मतदारांना मूर्ख म्हणायची घाई करू नये. परदेशात सिमेंट ओतायला आपला कर का, हा प्रश्न जगातल्या कुठल्याही ग्रामसभेत विचारला जाईल. आणि याच जिनिव्हाचा पैसा सीमेपलीकडे जातच नव्हता असंही नाही. १९७३ च्या करारानुसार जिनिव्हा, सीमेपलीकडून येणाऱ्या कामगारांच्या एकूण पगाराच्या ३.५ टक्के रक्कम दर वर्षी फ्रान्सच्या शेजारच्या दोन जिल्ह्यांना देतं, कारण त्या लोकांच्या शाळा, गटारं, रस्ते पलीकडच्या गावांना सांभाळावे लागतात. जुना आणि सर्वांना समजलेला करार असला की रक्कम खुपत नाही. नवी ३० लाखांची खुपली.

पुढच्या पाच वर्षांत मात्र मोठं काम पुरं झालं. जिनिव्हाचं मुख्य स्थानक आणि फ्रान्समधलं आनमास यांच्यामधला रेल्वेचा तुटलेला दुवा जोडण्याचा करार १९१२ मध्ये झाला होता. तो प्रत्यक्षात आला १५ डिसेंबर २०१९ ला, लेमां एक्सप्रेस या नावाने. सुमारे २३० किलोमीटरचं जाळं, ४५ स्थानकं. तारांमधली वीज स्वित्झर्लंडमध्ये १५ हजार व्होल्टची आणि फ्रान्समध्ये २५ हजार व्होल्टची, म्हणून दोन्ही पचवणाऱ्या गाड्या घ्याव्या लागल्या. वेगळ्या व्होल्टेजवर तोड निघते. १०७ वर्षं लागली ती त्यामुळे नव्हे.

४. ऱ्हाइनवरचा पूल

आता पुन्हा स्ट्रासबर्गकडे. नदीच्या पलीकडचं जर्मन गाव म्हणजे केल. स्ट्रासबर्ग जर्मन साम्राज्यात होतं तेव्हा ट्राम केलपर्यंत जात असे. पुढे सीमा सरकल्या, युद्धं झाली आणि ती वाट बंद पडली. १९६० मध्ये मोटारींसाठी युरोपा पूल झाला आणि पुढची अनेक दशकं दोन गावांमधला संबंध मुख्यतः मोटारीतून चालला. २००४ मध्ये पादचारी आणि सायकलस्वारांसाठी एक देखणा पूल आला. त्यावरून २००९ मध्ये नाटोच्या वर्धापनदिनाला राष्ट्रप्रमुख चालत गेले. छायाचित्रासाठी उत्तम, पण नोकरीला जाणाऱ्याला पावसात तीन किलोमीटर चालायचं तर हौस लागते.

मग ट्राम वाढवायचं ठरलं. रूळ टाकणं सोपं होतं. पुढचा प्रश्न असा: फ्रान्सच्या कंपनीची ट्राम जर्मनीच्या रस्त्यावर कुठल्या नियमांनी धावणार? जर्मनीत ट्रामसाठी बोस्ट्राब नावाची तपशीलवार नियमावली आहे. दिव्यांपासून ब्रेकपर्यंत सगळं त्यात बसलं पाहिजे. म्हणून सीमेपलीकडे जाणाऱ्या गाड्या दोन्ही देशांच्या नियमांना पुरतील अशा घ्याव्या लागल्या. आपल्याकडे एसटी बेळगावला किंवा पणजीला जाते, तीही दोन राज्यांतल्या परस्पर वाहतूक करारावर: कोणत्या मार्गावर, किती फेऱ्या, हे कागदावर आधी ठरतं. तो कागद नसेल तर बस सीमेवर थांबते, प्रवासी कितीही असोत.

नवा पूल फक्त ट्राम, सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी बांधला. मोटारींना त्यावर जागाच नाही. २८ एप्रिल २०१७ ला 'डी' मार्गिका केलच्या रेल्वे स्थानकापर्यंत पोचली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये नगरभवनापर्यंत. पुलाला नाव दिलं बेआटुस रेनानुस या १५-१६ व्या शतकातल्या विद्वानाचं. स्ट्रासबर्गचं शहराचं तिकीट केलमध्येही चालतं, वेगळं आंतरराष्ट्रीय तिकीट काढावं लागत नाही. माझ्या मते साऱ्या योजनेतला सर्वांत हुशार निर्णय हाच. दोन तिकिटं काढावी लागली की माणूस मोटारीची किल्ली शोधतो.

ही ट्राम भरून जाते, हे खरं. पण कोण बसतं? नोकरदार आणि विद्यार्थी असतातच, शनिवारी मात्र डब्यात पिशव्यांची गर्दी असते. तंबाखू जर्मनीत स्वस्त, साबण-शाम्पू स्वस्त, म्हणून स्ट्रासबर्गकर केलला येतात आणि ट्राम सुरू झाल्यावर केलच्या रस्त्यांवर तंबाखूची दुकानं इतकी उगवली की गावातच कुरकुर सुरू झाली. हवामानाच्या दृष्टीने इथे जरा थबकायला हवं. मोटारीने जाणारा माणूस ट्रामने गेला तर धूर वाचला. जो एरवी गेलाच नसता तो सिगारेटसाठी ट्रामने गेला, तर धूर वाचला नाही, फक्त एक फेरी वाढली. प्रवासी किती वाढले हा आकडा महापौर अभिमानाने सांगतात. विचारायला हवं ते हे, की त्यातल्या किती जणांची मोटार घरी राहिली.

आणि सीमा ही सीमाच असते. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे जर्मनीने सीमा बंद केली तेव्हा ट्राम फ्रान्सच्या काठावरच थांबवण्यात आली, पूल रिकामा. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापल्यावर महाराष्ट्राने कर्नाटकात जाणाऱ्या एसटी काही काळ थांबवल्या होत्या, ते अनेकांना आठवत असेल. तंत्र तेच राहतं, वरचा हुकूम बदलतो.

५. पलीकडच्या रुळांना इकडचे पैसे

पैशाच्या बाबतीत बाझलचा अनुभव मला स्ट्रासबर्गहून जास्त शिकवणारा वाटतो. हे स्विस शहर तीन देशांच्या कोपऱ्यावर आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत इथल्या जुन्या ट्रामचे फ्रान्स-जर्मनीत जाणारे फाटे एकामागून एक बंद झाले. 'दहा नंबर'ची ट्राम मात्र एका फ्रेंच गावातून, लेमेनमधून, जाऊन पुन्हा स्वित्झर्लंडमध्ये शिरते आणि ती तशीच चालत राहिली.

डिसेंबर २०१४ मध्ये आठ नंबरची ट्राम जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइनपर्यंत गेली, डिसेंबर २०१७ मध्ये तीन नंबरची फ्रान्समधल्या सँ-लुईपर्यंत. दोन्ही वेळा स्विस सरकारने शहरी वाहतुकीच्या निधीतून परदेशातल्या रुळांनाही पैसे दिले. या निधीचा नियम मला फार आवडतो: प्रश्न 'रूळ कुठे आहेत?' असा विचारला जात नाही, 'बाझलच्या पट्ट्यातली वाहतूक त्याने सुधारते का?' असा विचारला जातो. जिनिव्हाच्या मतदाराला २०१४ मध्ये खुपलेली गोष्ट इथे निधीच्या व्याख्येतच सोडवून टाकली आहे. 

पिशव्यांचं चित्र इथेही तेच. स्विस लोक वाइलला किराणा घ्यायला जातात, कारण जर्मनीत तो स्वस्त. दुकानात हिरवी पावती भरून घेतात, सीमेवर जर्मन जकातदाराचा शिक्का मारून घेतात आणि जर्मनीचा विक्रीकर परत मिळवतात. शिक्क्यासाठी रांग लागते. पुन्हा तोच तंबाखूचा प्रश्न, या वेळी चीज आणि मांसासह. तरी एक फरक आहे: आठवड्याचा किराणा घरी आणायचाच असतो, आणि तो आणायला आधी मोटारी जातच होत्या.

६. दोन गावांना एकत्र खर्च कसा करता येतो?

इथपर्यंत एक गोष्ट गृहीत धरली आहे, की दोन देशांतली गावं एकमेकांशी करार करू शकतात. हे आपोआप होत नाही. परराष्ट्र व्यवहार हा देशाचा अधिकार. कुठल्या महापौराने परदेशी महापौराबरोबर पैशांचा कागद केला, तर तो कायद्यात बसतो का, असा प्रश्न येतो.

यावर युरोपने टप्प्याटप्प्याने मार्ग काढला. १९८० मध्ये युरोप परिषदेने माद्रिदमध्ये एक चौकट करार केला: स्थानिक संस्थांनी सीमेपलीकडे सहकार्य करायला देशांनी वाट मोकळी ठेवावी. १९९६ मध्ये कार्ल्सरूहचा करार झाला आणि फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग, स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरच्या गावांना प्रत्यक्ष एकत्र काम करायची मुभा मिळाली. २००६ मध्ये युरोपीय संघाने त्याहून पुढची सोय केली: वेगवेगळ्या देशांतल्या पालिका मिळून एक कायदेशीर संस्था स्थापन करू शकतात. तिचं स्वतःचं अंदाजपत्रक असतं, ती नोकर नेमू शकते, निविदा काढू शकते आणि तिला एकाच देशाचा कायदा लागू होतो. पहिली अशी संस्था २००८ मध्ये फ्रान्स-बेल्जियमच्या सीमेवर, लील-कोर्ट्रेक-तुर्ने परिसरात झाली. स्ट्रासबर्ग आणि जर्मनीतला ऑर्टेनाउ जिल्हा २०१० पासून याच पद्धतीने एकत्र आहेत.

हे कोरडं वाटतं, पण बांधावरच्या झाडाला पाणी घालणारा तिसरा माणूस म्हणजे ही संस्था. तिचा सचिव दोघांचाही नोकर असल्यामुळे 'झाड कुणाचं' हा वाद त्याच्यापुरता मिटलेला असतो.

पैशांसाठी १९९० पासून इंटररेग नावाचा कार्यक्रम आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंनी भागीदार हवेत, ही त्याची अट. चालू टप्प्यात, २०२१ ते २०२७, त्याला सुमारे १० अब्ज युरो आहेत. युरोपीय अंदाजपत्रकात ही रक्कम छोटी आहे आणि त्यातून ट्रामचे पूल उभे राहत नाहीत. अभ्यास होतात, वेळापत्रकं जुळवली जातात, सायकलमार्गांचे तुटके दुवे जोडले जातात. याची एक खोड मात्र सांगायला हवी: प्रकल्पाची तीन-चार वर्षं संपली, पैसे थांबले की बसही थांबण्याचा धोका असतो. ज्या गावांनी पहिल्या वर्षापासून स्वतःच्या अंदाजपत्रकात खर्चाची ओळ घातली, तिथेच काम टिकतं.

उरतो नियमांचा गुंता. २०१९ च्या आखन करारात फ्रान्स आणि जर्मनीने एक धाडसी कलम घातलं: सीमेवरच्या एखाद्या कामाला राष्ट्रीय नियम आड येत असेल तर त्यातून सूट देण्याची तरतूद करता येईल. म्हणजे केलच्या थांब्यावर अडलेला प्रश्न थेट बर्लिन-पॅरिसपर्यंत नेण्याची वाट, निदान कागदावर, आहे.

७. स्टिकर आणि चार्जर

विजेवरच्या गाड्यांनी हा सगळा गुंता आपोआप सुटेल का? थोडा सुटेल. सीमेवर चार्जर सापडला नाही किंवा कार्ड चाललं नाही, तर लोक पेट्रोलच पसंत करतात. २०२४ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमाने मुख्य महामार्गांवर दर ६० किलोमीटरला चार्जिंगची सोय आणि नव्या जलद चार्जरवर साध्या बँक कार्डाने पैसे भरण्याची सोय सक्तीची केली. हा राष्ट्रीय आणि युरोपीय पातळीवरचा प्रश्न होता आणि तिथेच तो मार्गी लागला, ते बरं झालं.

स्टिकरचं तसं नाही. जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना शहराबाहेर ठेवण्यासाठी जर्मनीने एक स्टिकर काढला, फ्रान्सने दुसरा. रंग वेगळे, प्रतवारी वेगळी आणि एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. दोन्ही देशांतल्या अशा शहरांत गाडी नेणाऱ्याला काचेवर दोन्ही चिकटवावे लागण्याची पाळी आली.

८. ट्राम नको, मग बस

जर्मनी-पोलंडच्या सीमेवर ओडर नदीच्या दोन काठांवर फ्रांकफुर्ट आणि स्वुबित्से अशी दोन गावं आहेत. (हे फ्रांकफुर्ट बँकांचं नव्हे, छोटं, पूर्वेकडचं.) १९४५ पूर्वी ते एकच गाव होतं. ट्राम पुलावरून पलीकडे न्यायची का, असं २००६ मध्ये जर्मन बाजूच्या रहिवाशांना विचारलं, तेव्हा सुमारे ८३ टक्क्यांनी नको म्हटलं. खर्च हे एक कारण, पण पलीकडच्यांबद्दलचा संशयही होताच. पोलंड तेव्हा संघात नुकताच आला होता आणि सीमेवर ओळखपत्र दाखवावं लागत होतं. २००७ च्या अखेरीस ती तपासणी गेली. डिसेंबर २०१२ मध्ये दोन्ही पालिकांनी मिळून पुलावरून बस सुरू केली, ९८३ नंबरची. तिला रूळ लागले नाहीत, सार्वमतही नाही. पुलावरची ट्राम आजही नाही.